पेटी नवीच होती

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. वाशीत रेडिओ-टीव्हीच्या दुकानात नोकरीला होतो, त्या दिवसांच्या गमती सांगायला मी कधी मागं राहिलो नाही. रेडिओ घेऊन त्यातल्या निवेदकाशी भांडणारी गिऱ्हाइकं, टीव्हीला हळदकुंकू लावताना पडद्याची काच ओली करणाऱ्या बायका, हे सगळं मी नातेवाइकांना रंगवून सांगितलं आहे. पण सांगता सांगता एका जागी आलो की मी विषय बदलायचो. आता विषय बदलायला दुसरे विषय फारसे उरलेले नाहीत.

त्या जागी एक म्हाताऱ्या बाई आहेत. कुठल्याही वस्तूला त्या आधी हाताची पालथी बाजू लावायच्या. आपण तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतो, तशी. आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा दारात चपला काढल्या, आत येऊन फ्रिजला हात लावला आणि म्हणाल्या, "यो मेलाय." मग चालू टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. "याला ताप आयलाय. औशिद द्या कायतरी."

दुकानाच्या मालकांना, आमच्या शेठना, वाटलं, वर्गणी मागायला आल्यात. त्यांनी गल्ल्याकडे हात नेला. तेव्हा त्या काउंटरसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या आणि मला म्हणाल्या, "बाला, मना अशी पेटी पायजे, जी आयकंल आनि इसरायची नाय."

दुकानात आम्ही आपसांत त्यांना 'ती म्हातारी' म्हणायचो. आता मी 'त्या' म्हणतो. तेवढं तरी.

वाशीचे सेक्टर तेव्हा भरत चालले होते. इमारतींच्या तळमजल्यावर दुकानं उघडत होती, मुंबईहून आलेल्या नोकरदार घरांना फ्रिज, मिक्सर, टीव्ही सगळं एकदमच हवं असायचं. इमारतींच्या मागं, खाडीच्या बाजूला, जुनी गावं होती. त्यांची शेतं आणि मिठागरं याच इमारतींखाली गेलेली. त्या तिथल्या. आगरी समाजात लग्नाचे विधी बाई लावते, गाऊन. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि गाणारणीला धवलारीण. त्या अंगणात तांदळाचा चौक मांडायच्या, त्यासमोर बसायच्या आणि गाऊन एकेका देवाला आवतण द्यायच्या. गावचा देव, शिवेवरचा देव, खाडीतला, विहिरीतला, घरातले गेलेले म्हातारे. सगळे आले की लग्न लागायचं. भटजी असला तरी तो नंतर, आधी धवलारीण.

हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर एक ओळ नाही. आणि त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं.

"परवा हलदीला खाडीवरचा देव राहला आवतनाचा," त्या मला म्हणाल्या. "मध्येच ध्यानात आयला, मंग मागं फिरून बोलावला. रागावला असंल. सून शिकंल बोल्ते, पन ती महाप्याला कंपनीत जाते, सांजची येते ती दमून. पेटीत भरून ठेवते. भाकरी थापता थापता आयकंल."

अशा गिऱ्हाइकाला काय द्यायचं, ते मला ठाऊक होतं. रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं टू-इन-वन. फक्त कुठलं द्यायचं, हा प्रश्न होता. आणि त्याचंही उत्तर दुकानात ठरलेलं होतं.

आमच्या भिंतीवर पाटी होती: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पाटी सगळ्यांसाठी एकच, पण बोट दाखवून ती सगळ्यांना वाचून दाखवायची नसे. सेक्टरमधला साहेब तक्रार घेऊन आला की शेठ त्याला थंड पाजायचे आणि वस्तू बदलून द्यायचे. त्याच्या इमारतीत आणखी वीस घरं असत. परत आलेला पीस मग मी मागच्या खोलीत स्पिरिटनं पुसायचो, नव्या प्लास्टिकमध्ये घालायचो, खोक्याला नव्यानं पट्टी लावायचो आणि तळाला खडूची एक बारीक रेघ ओढायचो. रेघ म्हणजे हा माल सेक्टरमध्ये द्यायचा नाही. गावात द्यायचा. गावातली माणसं भांडायची खूप, पण दारातच भांडून परत जायची.

त्या आठवड्यात रेघेचं एकच खोकं होतं. एका बँकेतल्या साहेबानं परत केलेलं. त्याची तक्रार मी स्वतः ऐकली होती: विकतची कॅसेट छान वाजते, पण रेकॉर्ड करायला गेलं की थोडा वेळ आवाज घेते, आणि मशीन तापलं की नुसती खरखर. वर आधीचं भरलेलंही पुसून टाकते.

मी तेच खोकं काढलं. दुसरं काढता आलं असतं. हात तिकडे गेला नाही, एवढंच. शेठनी सांगितलंही नव्हतं.

"काहीतरी बोला मावशी," मी रेकॉर्डचं बटण दाबून म्हणालो.

त्यांनी आधी मशीनला पालथा हात लावला. मग आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं, गावाचं, गावच्या देवाचं, नव्या पाहुण्याला ओळख सांगावी तसं. मी कॅसेटची पट्टी मागं फिरवून ऐकवली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ही कोन म्हातारी? नाकान बोलते!"

सगळं दुकान हसलं. शेठसुद्धा. पण धवलारणीएवढं मोकळं कुणीच हसलं नाही. जाताना खोकं त्यांनी डोक्यावर घेतलं नाही, कडेवर घेतलं.

पंधरवडा गेला असेल. त्या परत आल्या तेव्हा पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती, कानटोपडं घातलेल्या मुलासारखी.

"तुजी पेटी माजा आवाज खाते र बाला. पयला घास बरा घेते. मंग गिलते सगला, हू नाय का चू नाय."

शेठनी एक सिनेमाची कॅसेट घातली. गाणं खणखणीत वाजलं. "मावशी, मशीन एकदम ओके. टेन्शन घेऊ नका. तुमच्याकडे लाइट कमीजास्त होत असेल. नाहीतर बटण दाबायला चुकत असाल."

"बटन सून दाबते. मॅट्रिक हाय."

"मग कॅसेट खराब."

त्यांनी नवीन कॅसेट घेतली. पुन्हा आल्या. पुन्हा सिनेमाचं गाणं, पुन्हा मशीन ओके. शेठनी या वेळी पाटी वाचून दाखवली. त्या पाटीकडे पाहून म्हणाल्या, "तुजा देव हाय का यो? सारका त्याच्याकरं हात दावतंस."

तिसऱ्या वेळी त्या बसूनच राहिल्या. दुपारची वेळ होती. दुकानात काही गिऱ्हाइकं होती. त्यांत सेक्टरमधल्या शाळेच्या एक बाई, मिक्सरचं भांडं बदलायला आलेल्या. धवलारीण म्हणाल्या, "मी हितंच भरते. तुमी समदी बगा."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला जागा नव्हती. मी पेटी फरशीवर ठेवली, बटण दाबलं, आणि त्या गायला लागल्या.

तुम्ही लग्नघरातली गाणी ऐकली असतील. हे तसं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. एका सुरात, न थांबता, जवळच्या माणसाला हाक मारावी तसा. एक देव आला, त्याला पाट दिला, दुसऱ्याला हाक. फ्रिजच्या आणि टीव्हीच्या खोक्यांमधून कुणीतरी वाट काढत येतंय आणि बसतंय, असं मला वाटायला लागलं. शाळेच्या बाई भांडं हातात धरून उभ्या होत्या. रस्त्यावरचे दोघंतिघं दारात थांबले.

मी पट्टीच्या चाकांकडे पाहत होतो. मशीन किती वेळानं तापतं, ते मला माहीत होतं. बँकेच्या साहेबानं परत केल्यावर मी मागच्या खोलीत करून पाहिलं होतं. माझाच आवाज माझ्याच डोळ्यांसमोर खरखरीत बुडाला होता. इथं ती वेळ जवळ आली. अजून थोडं गाऊ दिलं असतं तर साऱ्यांसमोर खरखर ऐकू आली असती, आणि शेठना पेटी बदलून द्यावीच लागली असती.

"बास मावशी, पुष्कळ झालं," असं म्हणून मी बटण बंद केलं.

त्यांचं गाणं मध्येच तुटलं. हाक मारायला उचललेला हात तसाच राहिला. मी पट्टी मागं फिरवली. आवाज स्वच्छ वाजला, पहिल्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "चांगली आहे की मशीन, आजी."

त्या पेटीकडे बघत राहिल्या. मग लुगड्यात गुंडाळून उठल्या. शेठ मला म्हणाले, "डोकं आहे तुला." त्या शाबासकीनं मला बरं वाटलं होतं, हेही लिहितो.

शाळेच्या बाई मात्र त्यांच्या मागून गेल्या. तेव्हा ग्राहकांसाठीचा नवा कायदा नुकताच आला होता, ठाण्याला तक्रारींसाठी ग्राहक मंच सुरू झाला होता. या बाईंनी तो वाचला होता. दुसऱ्या दिवशी एकट्याच दुकानात येऊन त्यांनी शेठना शांतपणे सांगितलं, "माल सदोष निघाला तर बदलून द्यायचा, नाहीतर पैसे परत. आता कायदाच आहे. तुमची ही पाटी कायद्याच्या वर नाही."

"बाई, मशीन चालू आहे. तुमच्यासमोर वाजली."

"माझ्यासमोर तुमच्या माणसानं ती मध्येच बंद केली," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी धवलारणीच्या वतीनं तक्रार केली. मंचाची नोटीस आली तेव्हा शेठचा चेहरा उतरला. मशीन सदोष ठरलं असतं तर बदलून दिलं असतं. भीती त्याची नव्हती. ते मशीन आधी बँकेच्या साहेबाला विकलं होतं, हे उघडं झालं असतं. मग सेक्टरमधल्या प्रत्येक घरानं आपला माल तरी नवा होता का, असं विचारलं असतं.

"तू जा," शेठ मला म्हणाले. "तुझ्याशी म्हातारी नीट बोलते. मशीन नवीच होती म्हणून सांग. तिची समजूत पटली की ती शाळामास्तरीण काय करणार?"

माझं नुकतंच लग्न झालं होतं, खोली भाड्याची होती. ही सबब मी बरीच वर्षं वापरली आहे, म्हणून इथं नुसती नोंदवतो.

पेढे घेऊन गेलो. त्यांचं घर कौलारू होतं, आणि पुढच्या अंगणातून आमच्या इमारतींची रांग दिसायची. दुसऱ्या दिवशी शेजारी हळद होती. मला वाटलं होतं, भांडतील. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं. समोर तांदळाचा चौक अर्धा मांडलेला होता, चिमटीतून तांदूळ सोडत त्या तो पुरा करत होत्या. पेटी कोनाड्यात होती. तिला हळदीचं बोट लावलेलं होतं.

"मशीनचं काय करायचं मावशी?" मी विचारलं.

चौकाचा कोपरा पुरा झाल्यावर त्यांनी हात झटकले. "बाला, एक इचारते. चौकासमोर बसून कोनी खोटा बोलत नाय. नवरा नाय, नवरी नाय, मी बी नाय. शालेच्या बाई बोल्तान, पेटी जुनी असंल, कोनी वापरलेली. तू दिलीस ती तुज्या हातान. सांग. ती पेटी नवी व्हती?"

तांदूळ इतके पांढरे होते, की त्यांच्याकडे पाहता येईना.

"नवीच होती, मावशी."

मी तयारी करून गेलो होतो. त्या ओरडल्या तर काय बोलायचं, शाळेच्या बाईंचं नाव काढलं तर काय बोलायचं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला तर काय करायचं, याची तयारी मी केली नव्हती.

त्यांनी हाताची पालथी बाजू स्वतःच्या गळ्याला लावली. बराच वेळ तशीच ठेवली.

"मंग यो थंड परला," त्या म्हणाल्या.

"काय मावशी?"

"पेटी नवी, म्हंजे तिचा कान नवा. तिला जो आवाज आयकाला येत नाय, तो देवाला कसा जाईल? मना वाटायचाच. पयलं देव आयकतान, मंग उठून जातान. मी आपली गातेच हाय, रिकाम्या पाटांसमोर." त्या चौकाकडे पाहत होत्या. "या साली किती पोरींची लगना लावली मी. आवतन पोचलाच नसंल, तर त्यांचं संसार कसं व्हतील र?"

सून दारात येऊन उभी राहिली होती, कंपनीतून आलेली, खांद्यावर पिशवी तशीच. "आई, काय पन बोल्तंव," ती म्हणाली. त्यांनी तिला शेजारच्या घरी पाठवलं. उद्याच्या हळदीला दुसऱ्या गावाहून धवलारीण आणा, असा निरोप देऊन. ती जाईना, तेव्हा आवाज चढवला. तो आवाज अंगणाबाहेर, रस्त्यापर्यंत गेला असेल.

तेव्हा बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जीभ मोकळी होती. मी म्हणालो, "असं काही मनात आणू नका मावशी."

मग त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "पेटीला मी खोटी बोल्ले. तुमच्या दुकानात चारचौघांत तमाशा केला. मापी कर बाला. तुज्या शेटला बी सांग."

तक्रार त्यांनी मागं घेतली. शाळेच्या बाईंनी खूप समजावलं असणार. पुन्हा त्या आमच्या दुकानाच्या फुटपाथवरून कधी गेल्या नाहीत, पलीकडच्या बाजूनं जायच्या. शेठनी मला पुढं दुकानाचा सगळा कारभार दिला. खडूच्या रेघा मी आणखी काही वर्षं ओढल्या, आणि त्याही मीच बंद केल्या. त्याचं श्रेय घेण्यासारखं काही नाही.

धवलारणीनं पुन्हा लग्न लावलं नाही. गावातली मुलं बल्ब, सेल घ्यायला दुकानात यायची, त्यांच्याकडून कळायचं. मांडवात येतात, म्हणे, कडेला बसतात. बायका आग्रह करतात तेव्हा गळ्याला हात लावून दाखवतात. पुढं पुढं मांडवात कॅसेट वाजायला लागल्या. त्यांच्या सुनेला सुरुवातीचे धवले येत होते. पेटीनं गिळायच्या आधीचे, जेवढे तिनं चुलीपाशी ऐकले तेवढे. त्याच्यापुढचे कुणालाच येत नव्हते.

दुकान सोडल्यावर मी एकदा त्यांच्याकडे गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो, रस्ताभर म्हणत. त्या ओट्यावर बसल्या होत्या, डोळ्यांनी दिसत नव्हतं. पावलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "कोन हाय? लगीन काडलास का घरात?"

"नाही मावशी, मी..."

"मना सांगू नको बाबा. मी नाय लावत आता. माजा आवाज पोचत नाय. दुसरी बग कोनीतरी."

आत कोनाड्यात पेटी होती. तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकलेला होता. त्यांनी हात पुढं केला, चाचपत माझं मनगट धरलं आणि पालथा हात माझ्या कपाळाला लावला.

"तापलायस तू. घरी जा. निजून राव."

"बरं मावशी," मी म्हणालो, आणि घरी आलो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ओटा रिकामा होता. सुनेनं चहा केला. तिलाही मी सांगितलं नाही.

आता घरातल्या जुन्या रेडिओचं स्टेशन मध्येच सुटतं आणि खरखर सुरू होते, तेव्हा नातू बटण फिरवायला धावतो. मी त्याला थांबवतो. त्या खरखरीच्या खाली कुणीतरी एका सुरात हाका मारतंय, असं मला वाटतं. एकेकाला, नाव घेऊन, न थांबता. मी कान देऊन बसतो. माझं नाव अजून आलेलं नाही. पण ते वाक्य मला अजून पाठ आहे, रस्ताभर म्हटलेलं, तसंच्या तसं.

मावशी, ती पेटी नवी नव्हती. मला माहीत होतं. तुमचा आवाज पोचत होता. देव शेवटपर्यंत बसून होते.